काल फुटत होती, आज फुटत नाही: सँडबारवरच्या लाटेची वेळ हुकते तेव्हा

सकाळी सात वाजता बोर्ड काखेत मारून किनाऱ्यावर पोचावं, आणि काल याच वेळी याच जागी एका टोकापासून सावकाश उलगडत जाणारी कमरेएवढी लाट आज गायब असावी. पाणी नुसतं हेलकावतंय. पाण्याचे उंचवटे येतात, दांड्यावरून अलगद सरकतात आणि थेट काठाशी येऊन धप्पकन आपटतात. स्वेल, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणारा लाटांचा ओघ, कालचाच, वारा कालचाच. मग लाट गेली कुठे?

वाळूच्या दांड्यावर, म्हणजे सँडबारवर, सर्फिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. बहुतेक जण खापर लाटांच्या अंदाजावर फोडतात. मीही दोन हंगाम तेच केलं. स्वेलचा आकडा चांगला दिसला की निघायचं, आणि लाट नसली की अंदाज चुकला म्हणत परत फिरायचं. खरं तर अंदाज बहुतेक वेळा बरोबर होता. चुकत होती ती माझी नोंद. मी वहीत लिहीत होते, ‘सकाळी सात, छान.’ लिहायला हवं होतं, ‘भरतीच्या तक्त्यात पाणी ०.८ मीटर, चढतं, छान.’ दांड्याला घड्याळाशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या माथ्यावर त्या क्षणी किती पाणी आहे, एवढ्यावर सगळं ठरतं.

ही एक सवय बदलली आणि माझ्या फुकट गेलेल्या सकाळी निम्म्याहून कमी झाल्या. उरलेल्यांची कारणं वेगळी आहेत, तीही पुढे येतील.

आधी हिशोब

लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, मागून येणारं पाणी तिच्यावर चढतं आणि ती उभी राहते. तिची उंची खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की ती फुटते. उलट मांडायचं तर एक मीटर उंचीची लाट सुमारे १.३ मीटर पाण्यात फुटते. तळाच्या उतारानुसार आणि लाटांच्या पिरियडनुसार, म्हणजे दोन लाटांमधल्या सेकंदांनुसार, हा आकडा कमीजास्त होतो, पण काठावर उभं राहून मनात हिशोब करायला तो पुरेसा आहे.

समजा, तुमच्या दांड्याचा माथा भरतीच्या तक्त्यातल्या शून्याच्या अर्धा मीटर खाली आहे. तक्ता ०.८ मीटर दाखवतो तेव्हा माथ्यावर १.३ मीटर पाणी असतं, आणि एक मीटरची लाट बरोबर माथ्यावर फुटते. तक्ता २ मीटर दाखवतो तेव्हा माथ्यावर अडीच मीटर पाणी असतं. आता त्याच लाटेला खाली दांडा आहे याचा पत्ताही लागत नाही. तिथे फुटायला जवळजवळ दोन मीटरची लाट हवी. आणि तक्ता ०.१ वर उतरला की माथ्यावर जेमतेम ६० सेंटिमीटर उरतं. मग लाट माथ्यापर्यंत पोचतच नाही. बाहेरच्या उतारावर कोसळते आणि माथ्यावरून नुसता फेस धावत येतो.

म्हणून ‘आमचा दांडा ओहोटीला चालतो’ हे वाक्य अर्धंच खरं. लहान लाटेला तो ओहोटीला चालतो. लाट मोठी असेल तर त्याच दांड्याला जास्त पाणी लागतं. ज्या दिवशी समुद्र एरवीपेक्षा मोठा असतो, त्या दिवशी मी मुद्दाम तासभर उशिरा, पाणी चढू लागल्यावर जाते. हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. त्याआधी मोठ्या स्वेलच्या दिवशीसुद्धा ‘आपली वेळ’ धरून पूर्ण ओहोटीला पोचायचं आणि आडव्या कोसळणाऱ्या भिंतींखाली मार खायचा, असं चाललं होतं.

एक रविवार छान, पुढचा कोरडा

फक्त सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे, आणि तिचं उत्तर चंद्रात आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सकाळी सातला भरती. ठरावीक वारी, ठरावीक वेळी जाणारा माणूस आलटून पालटून उलट्या पाण्यात उतरतो आणि म्हणतो, इथल्या लाटेचा काही भरवसा नाही.

पंधरवड्यानंतर पाणी पुन्हा जवळपास तिथेच येतं, पण अगदी तिथेच नाही. चौदा दिवसांनी भरती सुमारे ४० मिनिटं लवकर येते. सातची वेळ दोन महिने धरून बसलात तर हा फरक साठत साठत अडीच तासांवर जातो.

शिवाय उधाण आणि भांग आहेच. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढचे एकदोन दिवस उधाणाचे असतात. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरतीही बेताची, ओहोटीही बेताची. ‘ओहोटीनंतर एक तास’ अशी नोंद ठेवली तर उधाणात तिचा अर्थ एक आणि भांगात दुसराच. उधाणाच्या ओहोटीला तक्ता ०.२ वर जाईल, भांगाच्या ओहोटीला कदाचित १.२ च्या खाली उतरणारच नाही. दोन्हींना आपण ‘ओहोटी’च म्हणतो.

लाट होती, पण पाऊण तासात संपली

हेही त्याच गणितातून येतं. खलाशांचा बाराव्या हिश्शाचा जुना नियम इथे कामी येतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा. पहिल्या तासात एकूण फरकाचा एक बारांश पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी धावतं, टोकांना रेंगाळतं.

उधाणात चार मीटरचा फरक असेल तर मधल्या तासांत पाणी ताशी एक मीटर चढतं. तुमचा दांडा समजा पाण्याच्या पातळीच्या ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चांगला चालतो. तो पट्टा भरतीच्या मध्यावर आला तर अवघ्या ३६ मिनिटांत संपतो. कपडे बदलेपर्यंत, बोर्डाला वॅक्स लावेपर्यंत त्यातली पंधरा मिनिटं गेलेली असतात. भांगात फरक दीड मीटरचा असेल तर तोच पट्टा दीड तासाहून जास्त टिकतो. मात्र भांगाच्या दिवशी पाणी त्या पट्ट्यापर्यंत पोचतं का, हे आधी तक्त्यात पाहायला हवं. पोचतच नसेल तर त्या दिवशी तिथे बसून राहण्यात अर्थ नाही. वेगळ्या खोलीवरचा दुसरा दांडा शोधावा.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या ओसगोरसारख्या ठिकाणी सर्फर एकाच दिवसात पाण्याबरोबर जागा बदलत जातात, त्यामागे हेच आहे. शेजारशेजारचे दांडे कमीजास्त खोलीवर असतात. एक बुडाला की दुसरा जागा होतो.

फुटते, पण सगळी एकदम आडवी

क्लोजआउट. टेकऑफ घेईपर्यंत, म्हणजे लाट पकडून बोर्डावर उभं राहीपर्यंत, डावीउजवीकडची सगळी भिंत एकाच वेळी कोसळते. याची तीन वेगळी कारणं असतात आणि तीनही दिसायला सारखीच दिसतात. म्हणून इथे घाई करू नये.

पहिलं कारण, पाणी कमी. दांड्याच्या सगळ्या लांबीवर सारखंच उथळ झालंय. दुसरं, स्वेल लांब पिरियडचा आणि अगदी समोरून येतोय. लांबच लांब सरळ लाट सरळ दांड्यावर आली तर ती सगळीकडे एकदमच फुटणार. तेच दोन दिशांनी आलेले लहान पिरियडचे स्वेल एकमेकांना छेदतात तेव्हा सुटे सुटे पीक, म्हणजे लाटेची वेगवेगळी उभी टोकं, तयार होतात आणि त्याच दांड्यावर मजा येते. तिसरं कारण, दांडाच सरळ झालाय.

ओळखायचं कसं? चढत्या पाण्यात अर्धा तास काठावर बसून बघा. पाणी वाढताना लाटेला शोल्डर, म्हणजे अजून न फुटलेली उतरती बाजू, दिसू लागला, एखाद्या टोकाला ती रेंगाळू लागली, तर दोष पाण्याचा होता. अर्ध्या तासात काहीच बदललं नाही आणि सेट, म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, सगळ्या दिशांनी सारखेच पडतायत, तर दोष वाळूचा. पिरियड तर अंदाजातच दिसतो. किनाऱ्यावर बसूनही मोजता येतो. एका लाटेच्या फुटण्यापासून पुढच्या लाटेच्या फुटण्यापर्यंत, सलग दहा लाटा मोजून सरासरी काढायची.

सगळं जुळलं, तरीही लाट नाही

वहीतला आकडा तोच, स्वेल तोच, आणि तरी लाट नाही. असं झालं की मी आधी तक्ता तपासते. तो कुठल्या बंदराचा आहे? भरतीची वेळ आणि उंची बंदरागणिक बदलते, खाडीच्या आत तर आणखीच. त्यातली वेळ स्थानिक आहे की ग्रीनिचची? आणि शून्य कुठलं धरलंय? दोन वेगळ्या ॲपमधली शून्यं वेगळी असली तर एकाचा ०.८ दुसऱ्याचा १.१ असू शकतो. कुठलंही एकच धरा आणि बदलू नका.

मग हवा. तक्ता चंद्र-सूर्याचा हिशोब सांगतो, हवामानाचा नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. मोठा कमी दाबाचा पट्टा जवळ असेल तर २० सेंटिमीटर सहज वाढतात. त्यात समुद्राकडून जोराचा वारा असेल तर तो पाणी किनाऱ्याकडे आणखी रेटतो. ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चालणाऱ्या दांड्याला हा फरक जाणवतोच.

हे सगळं ठीक असेल तर दांडा हललाय. लाट गेली कुठे याचं हे उत्तर पचवायला सगळ्यात जड जातं, कारण मग इतक्या मेहनतीने काढलेला आकडा मोडीत निघतो.

मोठा समुद्र आला की फुटणाऱ्या लाटांखालून तळाचं पाणी बाहेरच्या दिशेने वाहतं आणि वाळू सोबत नेतं. एकदोन दिवसांत दांडा बाहेर सरकतो, काठाशी समांतर सरळ होतो. समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू आत ढकलतात. पण या परतीला दिवस नाही, आठवडे लागतात. परतताना दांडा वळणावळणाचा होतो, त्यात खाचा पडतात, खाचांमधून रिप, म्हणजे समुद्राकडे ओढणारा प्रवाह, वाहू लागते आणि मधल्या उंचवट्यांवर सुटे पीक उभे राहतात. शेवटी तो काठाला चिकटतो आणि आतली खोलगट नाळ भरून जाते. राइट आणि शॉर्ट या संशोधकांनी १९८४ मध्ये किनाऱ्यांच्या अशा सहा अवस्था मांडल्या. दोन टोकाच्या आणि मधल्या चार. सर्फरला हव्या त्या लाटा बहुतेक मधल्या अवस्थांमध्ये मिळतात. त्यामुळे वादळानंतर लगेच नाही, तर समुद्र निवल्यावर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन बघणं मला जास्त फळलंय.

माणसाने वाळूत हात घातला तरी हेच होतं. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुंडाका इथे नदीच्या मुखाशी असलेल्या दांड्यावर युरोपातली एक अत्यंत नावाजलेली लाट फुटते, तीही ओहोटीच्या आसपास. खाडीतला गाळ उपसल्यानंतर तिचा आकार इतका बिघडला की २००५ ची जागतिक स्पर्धा तिथे होऊ शकली नाही. वाळू परत जागेवर येत गेली तशी लाटही परतली. ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवर उलटं घडलं. ट्वीड नदीच्या मुखाशी अडणारी वाळू २००१ पासून पंपाने पलीकडे सोडायला सुरुवात झाली आणि स्नॅपर रॉक्सपासून पुढे ‘सुपरबँक’ नावाचा लांबलचक दांडा तयार झाला. त्याच वाळूने शेजारच्या किराची जुनी लाट मात्र गाडली गेली. या दोन्ही ठिकाणी समुद्र तोच राहिला, खालची वाळू तेवढी बदलली.

दांडा पायांनी पाहणं

माझ्याकडे यावर एकच खात्रीचा उपाय आहे. उधाणाच्या दिवशी, समुद्र अगदी शांत असताना, पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी बोर्ड घेऊन चालत पाण्यात जायचं. सोबत कोणीतरी हवंच.

आधी घोटाभर पाणी, मग गुडघाभर. पायाखाली वाळूच्या बारीक कडक सुरकुत्या लागतात. मग अचानक वाळू मऊ होते, पाय रुततो आणि पाणी छातीला लागतं. ही आतली नाळ. इथे पाणी गार असतं आणि कडेने सरकताना जाणवतं. बोर्डावर पोट टेकून दहापंधरा हात मारले की पाय पुन्हा टेकतात. पाणी झपाट्याने कमी होत मांडीपर्यंत येतं. हा माथा. मी तिथे उभी राहते, पाणी शरीरावर कुठे लागलं ते बोटाने धरते आणि घरी जाऊन टेपने मोजते. एकदा ते ७० सेंटिमीटर भरलं, तक्ता तेव्हा ०.२ दाखवत होता. म्हणजे माथा तक्त्याच्या शून्याखाली ५० सेंटिमीटर. वर हिशोबात घेतलेला अर्धा मीटर तो हाच.

मग माथ्यावरून काठाला समांतर चालायचं. जिथे पाय अचानक खाली जातो तिथे खाच. लाट त्या खाचेच्या दिशेने उलगडणार. त्या ओळीतलं काठावरचं एखादं न हलणारं चिन्ह, झाड किंवा खांब, लक्षात ठेवायचं. भरतीच्या वेळी दांडा दिसत नाही, पण ते झाड दिसतं, आणि लाइनअपमध्ये, म्हणजे लाटेची वाट बघत थांबायच्या जागी, कुठे बसायचं ते कळतं.

सगळ्यांना असं चालत जाणं शक्य नसतं, काही दांडे फार लांब असतात. मग उंचावरच्या ठरलेल्या एकाच जागेवरून ओहोटीला फोटो घ्या. फेसाची पांढरी पट्टी जिथे तुटते, तिथे खोल पाणी. दर पंधरवड्याचे फोटो शेजारी ठेवले की दांडा सरकलेला डोळ्यांना दिसतो.

यात जीव जाऊ शकतो अशा जागा

दांड्याच्या खाचेतून लाटांनी आत टाकलेलं पाणी बाहेर पडतं, तीच रिप. अनेक किनाऱ्यांवर पाणी उतरल्यावर ती जास्त जोर धरते, कारण दांडा उघडा पडत जातो आणि पाण्याला बाहेर पडायला तेवढी खाचच उरते. तिचा वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटर असला तरी कधी दोन मीटरच्या वर जातो. तिच्याविरुद्ध पोहून कोणी जिंकत नाही. बोर्ड सोडू नका, दम राखा, आणि काठाला समांतर, जिथे लाटा फुटतायत त्या बाजूला सरका. तिथे दांडा आहे, म्हणजे उथळ पाणी आहे.

दुसरी गोष्ट पडण्याची. उतरत्या पाण्यात माथ्यावरचं पाणी दर दहा मिनिटांनी आणखी उथळ होत असतं, आणि तुम्ही मात्र मघाच्याच खोलीच्या भरवशावर असता. डोकं खाली करून उडी नको. पसरून, सपाट पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा. ओली वाळू मऊ असते हा समज मान मोडणारा आहे.

नदीच्या मुखाशी उतरतं पाणी लाटांच्या समोरून येतं. तिथे त्याच उंचीवर लाट चढत्या पाण्यापेक्षा जास्त उभी आणि वेडीवाकडी होते, आणि ओढ समुद्राकडे असते. अशा ठिकाणी मी फक्त चढत्या पाण्यात उतरते. आणि चढत्या पाण्यात बाहेरच्या दांड्यावर रमलात, तर मघाशी छातीएवढी असलेली आतली नाळ परतताना डोक्यावरून गेलेली असते, हे धरून ताकद राखून ठेवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, तक्त्यातली उंची, पाणी चढतं की उतरतं, लाटेची उंची (गुडघा, कंबर, छाती अशी), पिरियड, वारा. आणि शेवटी तीनपैकी एक शब्द: फुटते, आडवी पडते, निसटते (न फुटताच दांड्यावरून पुढे जाते). लाट वाईट असेल तेव्हाही लिहा. दांड्याच्या पट्ट्याची वरची आणि खालची हद्द वाईट दिवसांच्या नोंदींतूनच कळते. दहाबारा नोंदी झाल्या की पट्टा दिसू लागतो. मग तक्ता उघडून पाणी त्या पट्ट्यात कधी येणार ते बघायचं, आणि त्याआधी वीस मिनिटं किनाऱ्यावर हजर राहायचं.

मोठा समुद्र येऊन गेला की पानावर आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली नव्याने सुरुवात करायची. माझ्या वहीत आत्ता रेघेखाली चार नोंदी आहेत. तीन ‘निसटते’, एक ‘आडवी पडते’. माथा बहुतेक बाहेर आणि खोल गेलाय. येत्या उधाणाला चालत जाऊन मोजणार आहे.